मान घेणे आणि मान देणे : श्री गाडगेबाबांचे चरित्र

आपल्या गावच्या श्री मारुती मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने पूर्णत्वास जात आहे, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र असावे, असे समितीच्या मंडळींनी ठरविले व ते काम मजकडे सोपविले. मी काही लेखक नव्हे. एस.एस.सी. होऊन तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. आयुष्य अर्ज, टिपणे आणि जावक नोंदी लिहिण्यात गेले. तरीपण गावाचे काम म्हणून चार शब्द लिहीत आहे.

चरित्र कोणाचे लिहावे, याचा विचार करताना एक गोष्ट मनात आली. देवळाचे काम निघाले म्हणजे मानाचा प्रश्न आपोआप येतो. पहिला नारळ कोणी फोडायचा, कलश कोणाच्या हस्ते चढवायचा, पालखीचा खांदा कोणाच्या घराण्याचा, पाटीवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, फेटा कोणाला बांधायचा आणि कोणाला नुसता नारळ द्यायचा. यात काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. गाव म्हटले की मानकरी आलेच, आणि जुन्या रिवाजाला अर्थ असतो. परंतु मान म्हणजे नेमके काय, तो कशाने दिला जातो आणि कशाने जातो, हे एकदा नीट पाहावे असे वाटले. आणि मग ज्याने जन्मभर मान घेण्याचे नाकारले व जन्मभर दुसऱ्याला मान दिला, तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. ते म्हणजे श्री संत गाडगेबाबा.

जन्म व बालपण

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. समाज परीट. गावाचे कपडे धुऊन देणारे, म्हणजे बलुतेदार घर. गावाला त्यांच्या हातच्या स्वच्छ कपड्यांवाचून चालत नसे, पण पंगतीला बसताना त्यांची जागा शेवटी. ज्याच्या कष्टाने आपण चारचौघांत मानाने मिरवतो त्यालाच मान नाही, हा त्या काळचा व्यवहार होता. डेबूजीने तो लहानपणापासून पाहिला.

वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच वारले. डेबूजी त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे गेली. मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखावीत, नदीत पोहावे, शेतात राबावे आणि रात्री भजनात बसावे, असे ते दिवस होते. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरांची मात्र त्याला फार माया. गोठा लखलखीत ठेवायचा, जनावरांना धुवायचे, ही आवड तेव्हापासूनची. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्या हातात खराटा पाहिला, तो हात या गोठ्यात तयार झाला.

अंगठ्याचा कागद

मामांची जमीन चांगली होती, पण मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला गेला. कागदात काय लिहिले आहे ते मामांना कोणी वाचून दाखविले नाही आणि त्यांनीही विश्वासाने विचारले नाही. कर्ज फिटत नव्हते, वाढत होते. शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामा खचून वारले. पुढे सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबूजी शेतात ठाम उभा राहिला आणि त्याने सावकाराच्या माणसांना अडविले, ही हकिगत वऱ्हाडात आजही सांगतात.

आम्ही कारकून मंडळी कागदात वावरतो, म्हणून या प्रसंगाजवळ मी जरा थांबतो. कचेरीत एखादा म्हातारा शेतकरी येतो. वहाणा दाराबाहेर काढतो, हात जोडून टेबलासमोर उभा राहतो. तो नमस्कार आमच्या अंगच्या गुणाला नसतो, खुर्चीला असतो, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. त्याच्या नमस्काराला उलटा नमस्कार करणे सोपे आहे. त्याला बसायला सांगून, त्याच्या हातातला कागद त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखविणे, हा त्याचा खरा मान. मामा चंद्रभान यांना रामराम घालणारे गावात पुष्कळ असतील. कागद वाचून दाखविणारा एक असता तर ते घर वाचले असते. बाबा पुढे जन्मभर कीर्तनातून मुलांना शिकवा, कर्ज काढू नका, घरात भांडी नसली तरी चालेल पण मुलाला शाळेत घाला, असे कळवळून सांगत राहिले, त्याचे मूळ या अंगठ्यात आहे.

बारशाची पंगत

डेबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, तिचे नाव आलोका. बारशाला भाऊबंद जमले. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे अशा कार्याला मटण आणि दारू हवीच. ती नसेल तर पाहुण्यांचा मान राखला नाही, असे धरले जाई. पण ज्या घरात बाप दारूने गेला, त्या घरातल्या मुलाने ते मानले नाही. त्याने गोडाधोडाची शाकाहारी पंगत घातली. भाऊबंदांत कुजबुज झाली, काही रागावलेही. डेबूजी ढळला नाही.

येथे मानाचा एक बारीक भेद आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. पाहुण्याला जे हवे ते पुढे करणे याला आपण मानपान म्हणतो. पाहुण्याचे ज्यात भले आहे ते त्याला देणे आणि त्यासाठी त्याचा राग सोसणे, हा आदर. मानपान चुकला तर माणूस रुसतो. आदर चुकला तर त्याच्या घराची धूळधाण होते. कर्ज काढून लग्ने करू नका, तिथी-श्राद्धाला सावकाराचे दार पाहू नका, देवाच्या नावाने कोंबडे-बकरे कापू नका, असे बाबा पुढे गावोगाव सांगू लागले, तेव्हाही लोकांना प्रथम तो रिवाजाचा अपमान वाटला. बाबांच्या मनात मात्र त्या माणसाच्या मुलाबाळांची काळजी होती.

घर सोडले

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. पुढली बारा वर्षे ते गावोगाव हिंडत राहिले. अंगावर चिंध्या जोडून केलेली गोधडी, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे गोधडेबुवा, कोठे लोटके महाराज, कोठे चिंधेबुवा, तर वऱ्हाडात डेबूजीबुवा. नाव लोकांनी दिले. स्वतःहून त्यांनी कोणतीच पदवी लावली नाही.

गावात शिरण्याची त्यांची रीत न्यारी होती. कोणी साधू आला की तो देवळात उतरतो, पाटलाकडे निरोप जातो, शिधा येतो. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. गटारे मोकळी करायची, उकिरडे काढायचे, पाणवठ्याची वाट झाडायची. दुपार होईपर्यंत हे चाले. मग कोणाच्या तरी दारात भाकरी मागायची, तीही काम केल्यानंतर. सोन्याचांदीच्या ताटाची गोष्ट सोडाच, ओटीवर टाकलेल्या घोंगडीवरसुद्धा ते बसत नसत. झाडाखाली नाहीतर वाटेच्या कडेला बसून आपल्या गाडग्यात भाकरी खात.

त्यांचा तो अवतार पाहून लोक त्यांना वेडा किंवा भिकारी समजत. जुनी माणसे सांगत की, दुपारी एखाद्या पंगतीच्या कडेला येऊन उभा राहिलेला चिंध्यांतला माणूस वाढप्यांनी हुसकून लावावा, आणि रात्री कीर्तनाला हजारोंचा समाज जमल्यावर तोच माणूस मधोमध उभा दिसावा, असे अनेक ठिकाणी घडले. मग दुपारी हुसकणारेच पुढे होऊन पायांवर पडू लागत. माणूस तोच आणि चिंध्याही त्याच. दुपारी त्याचे नाव ठाऊक नव्हते आणि रात्री कळले, एवढाच काय तो फरक. म्हणजे रात्रीचा तो नमस्कार माणसाला नव्हता, नावाला होता. बाबांनी यावर कोणाला दूषण दिले नाही. पण अशा नमस्काराची किंमत त्यांनी पुरती ओळखली होती.

पायाला हात लावू दिला नाही

म्हणूनच बाबांनी कोणालाही पाया पडू दिले नाही. कोणी वाकला की ते मागे सरत, फारच अंगाशी आला तर काठी उगारत. हार घालू देत नसत. मिरवणूक निघणार असे कळले की आडवाटेने निघून जात. कोणाला शिष्य केले नाही, कोणाचे गुरू म्हणवून घेतले नाही, गादी ठेवली नाही, मठ ठेवला नाही, अंगारा दिला नाही.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे हा चांगला संस्कार आहे आणि तो राहावा. मुलगा बापाला वाकून नमस्कार करतो, सून सासूच्या पाया पडते, त्यात प्रेम असते. बाबांचा विरोध त्या प्रेमाला नव्हता. त्यांच्या मनातला हिशेब वेगळा होता. माणूस पाया पडला की त्याला वाटते, आपले काम झाले. डोके टेकवले, पुण्य पदरात पडले, आता घरी जाऊन पूर्वीसारखेच वागायला मोकळे. दारू चालू, शिवाशीव चालू, मुलगी शाळेबाहेर. बाबांना ती पळवाट बंद करायची होती. पायांना हात लावण्यापेक्षा हातात खराटा घ्या, एवढेच त्यांचे मागणे असे. आणि जो खराटा घेऊन त्यांच्या शेजारी गटार काढायला उभा राही, त्याला त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा मान होता, मग तो कोणत्याही जातीचा असो.

कीर्तन

रात्रीचे कीर्तन हे बाबांचे मोठे साधन. शुद्ध वऱ्हाडी बोली, गोपाळाच्या नावाचा गजर आणि प्रश्नोत्तरे. ते लोकांना प्रश्न विचारीत आणि समाजाकडूनच उत्तर वदवून घेत. देवाला आंघोळ कोण घालतो, देवाला धोतर कोण नेसवतो, देवासमोरचा नैवेद्य कुत्र्याने खाल्ला तर त्याला हाकलतो कोण, असे एकेक विचारीत जात. लोक हसत, उत्तर देत आणि उत्तर देता देता अंतर्मुख होत.

देवळाच्या स्मरणिकेत हे लिहावे की नाही, असा विचार कोणाच्या मनात येईल. माझ्या अल्पमतीप्रमाणे ते येथेच लिहिले पाहिजे. बाबा संतांच्या मांदियाळीतले होते. तुकोबारायांचे अभंग त्यांच्या तोंडी सतत असत. पंढरपूरला ते वारंवार जात. देव नाही असे सांगायला ते कधी उभे राहिले नाहीत. जो देव स्वतःचा नैवेद्य राखत नाही, त्याला आपल्या नैवेद्याची भूक नाही. भूक आहे ती दारात उभ्या असलेल्या माणसाला, एवढे त्यांना समजावून द्यायचे होते. देवाचा मान राखायचा तर त्या माणसाचा आधी राखा.

पंढरीतही त्यांची रीत तीच. लाखो वारकरी येतात, स्नान करतात, वाळवंटात घाण होते. बाबा चंद्रभागेचे ते वाळवंट झाडीत राहत. दर्शनाच्या रांगेपेक्षा त्यांचा वेळ तेथे जाई, असे सांगतात. विठोबाच्या भक्ताचे पाऊल जेथे पडणार, ती जागा स्वच्छ करणे ही त्यांची पूजा होती.

घाट आणि धर्मशाळा

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीकाठी चिखल, म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी स्वतः दगडमाती वाहायला सुरुवात केली. पाहता पाहता लोक मदतीला आले आणि घाट झाला. यात्रेकरूच्या पाया पडणे वेगळे आणि त्याचा पाय घसरू नये म्हणून पायरी बांधणे वेगळे. बाबांनी दुसरे केले.

मग कीर्तनातून देणग्या येऊ लागल्या. लोक पैशांच्या राशी घालीत. बाबांनी त्यातला पैसा स्वतःसाठी वापरला नाही. गावोगावच्या विश्वासू माणसांच्या हाती तो सोपवून त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे निघाली. आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते स्वतः पंगतीला बसवीत व वाढीत. ज्यांच्या जवळून जाताना लोक नाकाला पदर लावीत, त्यांच्या पानात बाबा आग्रहाने गोड घालीत. आग्रह हाही मानाचाच प्रकार आहे. आपण तो व्याह्याला करतो, बाबा महारोग्याला करीत.

या कामांतले पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे काम मला फार मोठे वाटते. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर पायरीजवळ आहे. त्यांच्यानंतर शेकडो वर्षे त्यांच्या जातीची माणसे पायी वारी करून येत आणि बाहेरूनच हात जोडून परत जात. राहायला छप्पर नाही, धर्मशाळेत थारा नाही. साने गुरुजींनी उपोषण केले आणि १९४७ साली ते मंदिर सर्वांना खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी या मंडळींसाठी धर्मशाळा बांधली व तिला चोखोबांचे नाव दिले. देवळाचे दार उघडणे त्यांच्या हातात नव्हते. पण दमून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणे हातात होते, ते त्यांनी केले. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणासाठी देऊन टाकली. एक निरक्षर कीर्तनकार आणि एक जगद्विख्यात विद्वान. एकाने देवाचे नाव घेत काम केले, दुसऱ्याने कायद्याचे पुस्तक घेऊन. दोघांना एकमेकांविषयी नितांत आदर होता, आणि तो असा एक इमारत दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवून दाखविला गेला.

आपल्या तालुक्यातून ज्यांना कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले, त्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असेल. मुंबईत जेथे रात्रभर पाय पसरायला जागा मिळत नाही, तेथे खेड्यातल्या रोग्याला व त्याच्या माणसाला आसरा आणि जेवण मिळते. ही धर्मशाळा बाबांच्या मागे त्यांच्या मंडळींनी चालविली आहे. तेथे कोणी जात विचारत नाही. परक्या शहरात आजारी माणसाला कोणीतरी आत या म्हणते, यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

घरच्यांचे काय

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. एवढ्या धर्मशाळा बांधणाऱ्या या पुरुषाने आपल्या बायकामुलांचा त्यांत काडीचाही हक्क ठेवला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. लोकांच्या पैशावर आपल्या घरच्यांनी बसू नये, हा बाबांचा कडक दंडक. मुलगा गोविंदा १९२३ साली वारला. ती वार्ता आली तेव्हा कोकणात बाबांचे कीर्तन चालू होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

आपण संसारी माणसे. हे वाचून आपल्या मनात कौतुकाबरोबर हळहळही येते. बाबांच्या निरिच्छपणाची किंमत त्या माउलीनेही भरली. एका माणसाने जगाला मान द्यायचा आणि त्याच्या घरच्या बाईने झोपडीत दिवस काढायचे, हे सोपे नव्हते. म्हणून बाबांच्या नावाने हात जोडताना कुंताबाईंच्या नावानेही जोडावेत, असे मला वाटते. देवळाच्या कामात पावती फाडणाऱ्याचे नाव लागते. दिवसभर शेतात राबून, पोटाला चिमटा घेऊन ते पैसे शिल्लक टाकणाऱ्या घरच्या लक्ष्मीचे नाव कोठेच लागत नाही. ते ध्यानात ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

अखेर

कर्मवीर भाऊराव पाटलांवर बाबांचा मोठा लोभ. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. ज्याने पाटीवर कधी अक्षर गिरवले नाही त्याचे नाव कॉलेजला! १९५२ साली बाबांच्या कामाची घडी राहावी म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. शरीर थकले होते, तरी भ्रमण चालूच होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. पुढे ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, वाटेतच बाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. घर सोडून निघालेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मागे सरकारने व समाजाने त्यांचा पुष्कळ सन्मान केला. १९९८ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. गावोगाव पुतळे झाले. हे सारे योग्यच आहे. परंतु २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि खेडोपाडी सरपंच, मास्तर, तलाठी, म्हाताऱ्या बाया हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा बाबांना खरा नमस्कार पोहोचला असेल असे मला वाटते. पुतळ्याला हार घालायला पाच मिनिटे पुरतात. खराट्याला रोज उठावे लागते.

आपल्या देवळापुरते

आता आपल्या गावाविषयी थोडेसे लिहून हा लेख पुरा करतो. या जीर्णोद्धाराला ज्यांनी हजारो रुपये दिले त्यांची नावे या स्मरणिकेत छापली आहेत, व ती छापलीच पाहिजेत. दिलेल्याची जाण ठेवणे हा गावाचा धर्म आहे. मुंबई-पुण्याला राहूनही ज्यांनी गावची आठवण ठेवली, त्यांचे उपकार मोठेच. पण ज्यांनी वाळू चाळली, पाणी ओतले, जुन्या देवळाचे दगड एकेक करून खाली उतरविले, ज्या माउल्यांनी गवंड्यांना रोज भाकरी पोचवली, त्यांची पावती कोणत्याच पुस्तकात फाटलेली नाही. त्यांनाही कलशाच्या दिवशी पुढे बसवावे, अशी माझी समितीला नम्र विनंती आहे.

दुसरे असे की, महाप्रसादाची पंगत एकच असावी. देणगीदार, पुढारी, पाहुणे, मजूर, सारे एका ओळीत, एकच आमटी, एकच भात. वाढायला मात्र मोठ्या माणसांनी उभे राहावे. ज्याचा गावात मान आहे त्याने वाढले, तर त्याचा मान कमी होत नाही. उलट जेवणाऱ्याचा वाढतो.

तिसरे, देऊळ बांधून झाले की आपले काम संपत नाही. नवी फरशी पहिले सहा महिने सगळेच झाडतात. त्यानंतर नारळाच्या शेंड्या कोपऱ्यात साचू लागतात. आळीपाळीने घरटी एक दिवस ठरवून, कोणताही भेद न ठेवता, प्रत्येकाने देवळाचा पार आणि पुढचा रस्ता झाडावा. पिण्याच्या पाण्याचा माठ भरलेला असावा, आणि वाटसरूला रात्री ओसरीवर पडायला कोणी ना म्हणू नये. हा खर्चाचा विषय नाही, मनाचा आहे.

आणि आपले दैवत तरी कोण? मारुतीराय. लंका जाळली, द्रोणागिरी उचलला आणि रामाच्या राज्याभिषेकानंतर पुन्हा हात जोडून पायाशी बसला. राज्य मागितले नाही, मान मागितला नाही, काम तेवढे मागितले. म्हणून गावाने त्याला वेशीवर उभे केले आणि पहिला नमस्कार त्याला दिला. मागणाऱ्याला असा मान कधी मिळत नाही. या देवळात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला, त्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे न पाहता, आपण या, बसा म्हणू शकलो, तर जीर्णोद्धारासाठी दिलेला पै-पैसा सार्थकी लागला असे म्हणता येईल.



॥ जय बजरंग ॥

— एक ग्रामस्थ (कारकून, तालुका कचेरी)